‘मी काही पर्यावरणवादी नाही हो!’

‘तुम्ही पर्यावरणवादी आहात का?’ असा प्रश्न कर्जत स्थानकावर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या कुणालाही विचारून पाहा. बहुतेक जण हसून म्हणतील, ‘छे हो, आम्ही कसले पर्यावरणवादी! आम्ही साधे नोकरदार.’ हाच माणूस वर्षानुवर्षे मुंबईपर्यंतचे सुमारे १०० किलोमीटर रोज विजेवर चालणाऱ्या गाडीने जातो आणि तेवढेच परत येतो. त्याच्या घरात आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी असते. रद्दी साठवून विकली जाते, दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवल्या जातात, आणि रिकाम्या खोलीत पंखा चालू राहिला तर घरातली थोरली माणसे ओरडतात.

याच तालुक्यात, स्थानकापासून थोडे आत गेले की फार्महाऊसच्या पाट्या दिसू लागतात. ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हे शब्द त्यांवर हमखास असतात. शनिवार-रविवारी दोन-दोन मोटारी भरून माणसे येतात. पोहण्याचा तलाव विंधनविहिरीच्या पाण्याने भरलेला असतो आणि प्रत्येक खोलीला वातानुकूलन यंत्र असते. तिथल्या मालकाला तोच प्रश्न विचारा. ‘पर्यावरण म्हणजे आमचा जीव की प्राण!’ असे तो सांगेल, आणि तो खोटे बोलत नसेल. त्याने आवारात खरोखरच शंभर झाडे लावलेली असतील.

पहिल्या माणसाची राहणी हिरवी, पण ओळख तशी नाही. दुसऱ्याची ओळख हिरवी, पण राहणीचा हिशेब मांडला तर तो अडचणीत येईल. माणूस स्वतःला काय समजतो आणि तो कसा वागतो, यांचा संबंध नेमका काय, याचा गेली काही दशके शास्त्रीय अभ्यास होत आहे. त्यातून जे हाती आले ते आपल्या रायगडच्या आतल्या भागालाही लागू पडते.

हा विषय मानसशास्त्राचा असला तरी त्याचे परिणाम दवाखान्यात दिसतात. गावाच्या कडेला जाळलेल्या प्लास्टिकचा धूर दमेकऱ्याच्या छातीत जातो. पावसाळ्यात टाकून दिलेले कप, करवंट्या आणि टायर यांत पाणी साठते आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास तिथे अंडी घालतो. हे टाळण्यासाठी लागणाऱ्या कृती साध्या असतात. त्या काही लोक करतात आणि काही करत नाहीत, असे का होते, हे डॉक्टरलाही समजून घ्यावे लागते.

माहिती पुरेशी नसते

तंबाखूने कर्करोग होतो हे माहीत नाही, असा रुग्ण मला कित्येक वर्षांत भेटलेला नाही. तंबाखू खाणारे मात्र रोज भेटतात. पाकिटावर चित्र आहे, बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर फलक आहे, टीव्हीवर जाहिरात आहे. माहिती पोहोचली आहे, सवय तशीच आहे. ज्यांची तंबाखू कायमची सुटते, त्यांच्या बोलण्यात मात्र एक फरक पडलेला दिसतो. ‘मी तंबाखू सोडतोय’ असे म्हणणारा माणूस काही महिन्यांनी ‘मी तंबाखू खात नाही’ असे म्हणू लागतो. पहिल्या वाक्यात झगडा आहे. दुसऱ्या वाक्यात तो स्वतःविषयी काहीतरी सांगत आहे. मग लग्नघरात कुणी चंची पुढे केली तरी त्याला फार विचार करावा लागत नाही.

रक्तपेढीतही हेच दिसते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ जेन पिलियाव्हिन आणि पीटर कॅलेरो यांनी रक्तदात्यांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पहिल्यांदा रक्त देणारा बहुधा कुणाच्या तरी आग्रहाने येतो. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळाचे शिबिर असते आणि मित्र हाताला धरून आणतो, तसेच. पण काही वेळा रक्त दिल्यावर ‘मी रक्तदाता आहे’ ही त्याची स्वतःची ओळख बनू लागते. त्यानंतर त्याला बोलावणे धाडावे लागत नाही, तो तारीख मोजून स्वतः येतो.

पर्यावरणाच्या बाबतीत संशोधक याला पर्यावरणीय स्व-ओळख म्हणतात. ‘मी पर्यावरणाला जपणारा माणूस आहे’ असे एखाद्याला कितपत वाटते, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटनमध्ये लॉरेन व्हिटमार्श आणि साफ्रॉन ओनील यांनी २०१० मध्ये दाखवले, की ज्यांची ही ओळख पक्की असते ते कचरा कमी करणे, पाणी आणि वीज वाचवणे अशा कितीतरी गोष्टी अधिक करतात. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात लिंडा स्टेग आणि एलेन व्हान डर वेर्फ यांच्या गटाने पुढची पायरी शोधली. लोकांना त्यांनी आधी केलेल्या पर्यावरणपूरक गोष्टींची आठवण करून दिली, की ही ओळख घट्ट होते आणि पुढच्या वेळी तसेच वागण्याकडे कल वाढतो. त्यातही एक बारकावा आहे. ज्या कृतीला कष्ट पडले किंवा जी चारचौघांपेक्षा वेगळी होती, तिची आठवण अधिक परिणाम करते.

याचे कारण मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी १९७२ मध्येच मांडले होते. आपण जसे आहोत तसे वागतो, असे आपल्याला वाटते. पण पुष्कळदा आपण स्वतःचे वागणे पाहून आपण कोण आहोत हे ठरवतो. ‘मी दर रविवारी बाजाराला कापडी पिशवी घेऊन जातो, म्हणजे मी त्यातला माणूस असणार,’ असा हा उलटा प्रवास असतो.

शिकागोचे तीन वर्ग

शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावा असा एक जुना प्रयोग आहे. १९७५ मध्ये रिचर्ड मिलर, फिलिप ब्रिकमन आणि डायना बोलेन यांनी तो शिकागोच्या एका शाळेत पाचवीच्या वर्गांवर केला. एका वर्गाला कचरा, प्रदूषण आणि स्वच्छतेचे महत्त्व याविषयी रोज सांगितले गेले. कचरा टाकू नये, वर्ग नीटनेटका ठेवावा, असा उपदेश केला गेला. दुसऱ्या वर्गाला उपदेश केला नाही. ‘तुम्ही किती नीटनेटके आहात’ असे बाई म्हणाल्या, सफाई करणाऱ्यांनी तसेच सांगितले, मुख्याध्यापकांनीही कौतुक केले. तिसऱ्या वर्गाला काहीच सांगितले नाही. मग मुलांना कागदात गुंडाळलेल्या गोळ्या वाटल्या आणि कागद कुठे जातात ते मोजले. ‘तुम्ही नीटनेटके आहात’ हे ऐकलेल्या वर्गाने सर्वांत जास्त कागद कचरापेटीत टाकले आणि काही दिवसांनी पाहिले तेव्हाही त्यांची सवय टिकून होती. उपदेश ऐकलेल्या वर्गाची सुधारणा तेवढी टिकली नाही.

प्रयोग छोटा होता, एका शाळेचा होता. पण त्याच दिशेचे निष्कर्ष नंतरही मिळाले. २००८ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी लोकांना ते आधीपासूनच करत असलेल्या अगदी सामान्य सवयींची जाणीव करून दिली आणि ‘याही पर्यावरणपूरकच आहेत’ हे लक्षात आणून दिले. तेवढ्याने त्यांची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि खरेदीतली निवडही बदलली. आपल्याकडे ५ जूनला शाळाशाळांत होणारी भाषणे बहुतेक पहिल्या वर्गासारखी असतात, हे कुणालाही पटेल.

सर्पमित्र

एखादी ओळख माणसाला कुठवर नेते, याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे सर्पमित्र. रायगडमध्ये भातलावणीचे दिवस म्हणजे सर्पदंशाचे दिवस. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप या जिल्ह्यात आहेत. साप दिसला की काठी शोधायची, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती आणि बऱ्याच ठिकाणी ती आजही आहे. पण आता कर्जत, खोपोली, नेरळ, चौक या भागांत साप निघाला की लोक सर्पमित्राला फोन लावतात. कुणाचे गॅरेज असते, कुणी कारखान्यात कामाला असतो. रात्री-अपरात्री, भर पावसात तो मोटरसायकलवरून येतो, साप पकडतो आणि वस्तीपासून दूर सोडतो. या कामाचा त्याला पगार नसतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. तो माहीत असल्याने किती जणांच्या हातातली काठी थांबली, ते सांगता येणार नाही. पण एकदा गावाने एखाद्या मुलाला ‘सर्पमित्र’ म्हटले, की तो साप मारू शकत नाही आणि शेजाऱ्यालाही मारू देत नाही. डॉक्टर म्हणून मला याचा आणखी एक फायदा दिसतो. चांगला सर्पमित्र दंश झालेल्याला मांत्रिकाकडे जाऊ देत नाही, थेट सरकारी रुग्णालयात पाठवतो. साप मारून सोबत आणण्याची गरज नसते, कारण आपल्याकडे दिले जाणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते, हेही तोच लोकांना समजावतो.

या ओळखीची दुसरी बाजूही दवाखान्यात दिसते. ओळख मिरवायची झाली की नागाला गळ्यात घालून व्हिडिओ काढला जातो, आणि मग दंश झालेला सर्पमित्रच खाटेवर येतो. साप पकडण्यावर आणि बाळगण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, ते अशा वेळी विसरले जातात. साप वाचवणारा आणि साप दाखवणारा, दोघेही स्वतःला सर्पमित्रच म्हणवतात. म्हणून ओळखीबरोबर ती कशासाठी आहे, याची आठवणही राहावी लागते.

‘वादी’ शब्दाचे ओझे

सर्पमित्र, वृक्षमित्र, निसर्गप्रेमी हे शब्द लोक आनंदाने स्वीकारतात. ‘पर्यावरणवादी’ म्हटले की अंग आखडतात. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये हा शब्द बहुतेक वेळा ‘विरोध’ या शब्दाशेजारी येतो, त्यामुळे त्याला मोर्चाचा आणि कोर्टकचेरीचा वास लागला आहे. केवळ आपल्याकडेच असे झाले आहे असेही नाही. अमेरिकेत गॅलप संस्था लोकांना ‘तुम्ही स्वतःला पर्यावरणवादी समजता का?’ असे विचारत आली आहे. १९९१ मध्ये ७८ टक्के लोकांनी होकार दिला होता, २०१६ मध्ये तो ४२ टक्क्यांवर आला. टोरोंटो विद्यापीठातील नादिया बशीर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की लोकांच्या मनात कार्यकर्त्याची प्रतिमा ‘विक्षिप्त आणि भांडखोर’ अशी असली, की चांगली कृतीही त्याच्या नावाने सुचवली तर स्वीकारायला ते कचरतात.

यातून दोन तोटे होतात. जो आधीच चांगला वागतो आहे त्याला आपल्या वागण्याचे नाव कळत नाही, त्यामुळे रक्तदात्याप्रमाणे ती ओळख त्याला पुढच्या कृतीकडे नेत नाही. लोकलने जाणारा नोकरदार हातात थोडे पैसे आले की पहिली मोटार घेतो आणि ती प्रगती समजतो, कारण लोकलचा प्रवास ही त्याच्या दृष्टीने फक्त नाइलाजाची गोष्ट होती. आईची काटकसर मुलीला गरिबीची खूण वाटू लागते आणि गोधडी माळ्यावर जाते. दुसरा तोटा असा, की तो शब्द मोजक्या सुशिक्षितांपुरता उरतो.

शिक्का मिळाल्यावर

स्वतःला पर्यावरणप्रेमी समजणाऱ्यांनीही काही आकडे पाहायला हवेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेरेना टिफेनबेक आणि सहकाऱ्यांनी एका इमारतसमूहातील १५४ घरांचा अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. काही घरांना दर आठवड्याला त्यांच्या पाणीवापराची माहिती दिली गेली. पाण्याचा वापर सरासरी ६ टक्क्यांनी घटला. पण त्याच घरांतला विजेचा वापर इतरांच्या तुलनेत ५.६ टक्क्यांनी वाढला. एका बाजूला चांगले वागलो, आता दुसऱ्या बाजूला थोडी सूट, असा हिशेब मन आपल्या नकळत करत असते. मधुमेहाचे रुग्ण सकाळी चालून आल्यावर जिलेबीचा एक तुकडा ‘कमावलेला’ समजतात, तसाच हा प्रकार.

जर्मनीतल्या लोकांच्या पाहणीवर आधारलेला स्टेफनी मोझर आणि झिल्के क्लाइनह्यूकेलकोटेन यांचा अभ्यास आणखी विचार करायला लावतो. स्वतःला पर्यावरणाला जपणारे समजणारे लोक छोट्या-छोट्या गोष्टी निष्ठेने करतात, हे त्यांना दिसले. पण एकूण ऊर्जावापर आणि कार्बन उत्सर्जन पाहिले, तर त्यावर सर्वांत मोठा प्रभाव उत्पन्नाचा होता. मोठे घर, मोटार आणि विमानप्रवास यांचे वजन इतके असते, की कापडी पिशवी आणि बांबूचा ब्रश त्यापुढे फारसे भरत नाहीत.

ही बाब कर्जत-खालापूरमध्ये नुसत्या डोळ्यांनीही दिसते. कातकरी किंवा ठाकूर वाडीतल्या कुटुंबाचे उत्सर्जन नगण्य असते. त्याचे कौतुक करायला मात्र मी तयार नाही. तिथे वीज कमी वापरली जाते ती परवडत नाही म्हणून, आणि चुलीचा धूर त्या घरातल्या बाईच्या फुप्फुसात साठतो. त्यांच्या अभावाला आपण पर्यावरणप्रेम म्हणू नये. त्यांच्याकडे रानभाज्यांचे, झाडांचे, पावसाच्या लक्षणांचे जे ज्ञान आहे, ते मात्र खरे कौतुकाचे आहे.

ओळख जिथे लागत नाही

काही ठिकाणी ओळखीची गरजच पडत नाही. माथेरान कर्जत तालुक्यातच आहे. २००३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. मोटारींना तिथे पूर्वीपासूनच बंदी आहे. दस्तुरी नाक्याला गाडी उभी करून पुढे जायचे, चालत, घोड्यावर नाहीतर छोट्या गाडीने. २०२२ च्या डिसेंबरपासून ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, तीही विजेवरची. तिथे येणारा पर्यटक स्वतःला काय समजतो, याचा काही संबंध नाही. नियम असा आहे, की पर्यावरणाची पर्वा नसलेला माणूसही धूर न सोडता फिरतो.

दुसरे उदाहरण शेतीचे. या भागात उन्हाळ्यात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून जाळतात. शेतकऱ्याकडे त्याची कारणे आहेत. तणाचे बी मरते, राख मिळते. ‘झाडे तोडू नका, धूर करू नका’ असे बाहेरच्या माणसाने सांगितले तर ते त्याला पटत नाही. नेरळजवळच्या सगुणा बागेचे शेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र विकसित केले. त्यात नांगरणी, चिखलणी आणि लावणी न करता गादीवाफ्यांवर थेट बी टोकतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात. रोपवाटिकाच नाही, म्हणून राबही नाही. यात तणनाशक वापरतात, त्यामुळे ते सर्व कसोट्यांवर हिरवे आहे असे म्हणता येणार नाही. पण हे तंत्र स्वीकारणाऱ्याला आधी पर्यावरणवादी व्हावे लागले नाही. मजुरी वाचते, कष्ट वाचतात, आणि आपण डोके वापरून शेती करणारे आहोत याचा त्याला अभिमान वाटतो. त्याची ही ओळख पुरेशी ठरली.

मग करायचे काय?

केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘मिशन लाइफ’ सुरू केले, तेव्हा नागरिकांसाठी ‘प्रो प्लॅनेट पीपल’ हे नाव पुढे आणले. राज्य सरकारचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे आणि त्यात ऑनलाइन शपथ घेता येते. दोन्ही ठिकाणी माणसाच्या ओळखीलाच हात घातला आहे, ते योग्य आहे. पण बटण दाबून घेतलेल्या शपथेला कष्ट पडत नाहीत, म्हणून तिची छापही फिकी राहते. शपथेच्या दुसऱ्या दिवशी एखादे अंगमेहनतीचे काम झाले, तर ती ओळख रुजते.

ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत किंवा वर्गात बोलायची वेळ आली, तर लोक काय करत नाहीत यापेक्षा ते काय करत आले आहेत, तिथून सुरुवात करावी. ‘तुमच्या गावाने मागच्या वर्षी वणवा विझवला’ हे खरे असेल तर तेच आधी सांगावे. खोटे कौतुक मुलांनाही लगेच कळते.

लोकांकडे जी ओळख आधीच आहे, तिच्याशी काम जोडावे. ट्रेकला जाणाऱ्या तरुणाला गडप्रेमी म्हणून किल्ल्यावरच्या प्लास्टिकची लाज वाटते. रेवदंड्याच्या डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य स्वच्छता आणि वृक्षारोपणाच्या मोहिमांना मोठ्या संख्येने उतरतात, ते श्रीसदस्य म्हणून. लहान मूल असलेल्या आईला धुराचा आणि डासांचा प्रश्न मूल जपणारी म्हणून कळतो. प्रत्येकाला ‘पर्यावरणवादी’ करण्याची गरज नाही.

आणि जे स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतात, त्यांनी वर्षातून एकदा मोठ्या खर्चाच्या बाजू तपासाव्यात. मी रुग्णाला रक्तदाब मोजल्याशिवाय ‘तब्येत छान आहे’ असे सांगत नाही, त्याला कितीही बरे वाटत असले तरी. तसेच इथेही मोजावे. वर्षभरात मोटारीत किती इंधन भरले, विजेची बिले किती युनिटची आली, विमानाने किती वेळा गेलो, आणि दुसरे घर वर्षातले किती दिवस कुलपात असते, हे चार आकडे एका कागदावर लिहावेत. कर्जतला येताना मोटार घरी ठेवून लोकलने यावे. स्थानकाबाहेर रिक्षा मिळते.